चुप्पीचा उतार

रशीद दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावले होते. अकोल्याच्या मोटारस्टँडवरचा हा ड्रायव्हर शाळेच्या आवारात कधी पाय ठेवत नसे. फाटकाबाहेरून हॉर्न वाजवायचा आणि मीच तणतणत बाहेर जायची. त्या दिवशी तो हॉर्न न वाजवता आत आला, चपला काढून वर्गाबाहेर उभा राहिला आणि काही बोलेना. पोरं पाढे सोडून त्याच्याकडे बघू लागली. मी माझ्या स्वभावाप्रमाणे खेकसलेच, "अरे, तोंडात मिठाची गुळणी धरली का? काय झालं ते बोल ना!" त्यानं मान खाली घातली. "बाई, उस्ताद गेले. आज सकाळी. चाय घेऊन बसले होते ... पेला हातातच राह्यला."

उस्ताद म्हणजे माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान शंकरराव. अमरावती ते अकोला या सडकेवर त्यांनी बरीच वर्षं भाड्याची मोटार चालवली. बडनेरा, कुरुम, मूर्तिजापूर, बोरगाव या टापूतल्या जुन्या माणसांना ‘चाक ऐकणारा ड्रायव्हर’ म्हटलं की अजून ओळख पटेल. रशीदनं त्या दिवशी आणली होती तीही भाऊजींचीच गाडी. गेली काही वर्षं ती त्यांचा हा चेलाच चालवतो. मी हेडमास्तरीणबाईंना सांगितलं, पिशवी उचलली आणि गाडीत बसले. अकोल्यापासून मी अखंड बोलत होते. रडण्याऐवजी बोलत सुटणं हा माझा जुना रोग आहे. भाऊजींना आधी काही होत होतं का, मला कोणी कळवलं का नाही, ताईजवळ आत्ता कोण आहे, एक ना दोन. रशीद नुसता हूं हूं करत होता. मूर्तिजापूर मागं पडलं, पुढचा लांबलचक चढ लागला, गाडी संथपणे वर चढली, आणि माथ्यावर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा तोच उतार, उलट्या अंगानं. तिथं मात्र मी बोलायची थांबले.

आता महिना उलटून गेलाय. लोक विचारतात, भाऊजी कसे होते म्हणून. त्या उताराचं सांगितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.

आमची आई लवकर गेली. ताईचं लग्न झालं आणि तिच्या पाठोपाठ मीही बोचकं घेऊन राजापेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत राहायला आले. भाऊजी मूळचे तेल्हाऱ्याकडचे. लढाईत मिल्ट्रीचे ट्रक चालवून परत आलेले, उंच, काळेसावळे, कमी बोलणारे. घरात आयती मेहुणी येऊन बसली म्हणून दुसऱ्या कोणी तोंड वाकडं केलं असतं. यांनी मला शाळेत घातलं, पुढं मास्तरकीच्या ट्रेनिंगलाही पाठवलं. "शिक वं," म्हणायचे, "तुह्या तोंडाचा काईतरी उपयोग झाला पायजे." मी बोलायला लागले की कानावर हात ठेवायचे आणि ताईला विचारायचे, "हिच्या जिभीतलं बेरिंग कोन्या कारखान्यातलं हाय? झिजतच नाही!" मला अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हापासून शनिवारी दुपारी त्यांच्याच गाडीनं अमरावतीला यायचं आणि सोमवारी सकाळी त्यांच्याच गाडीनं परत जायचं असा माझा नेम झाला. ड्रायव्हरशेजारची, दाराकडची जागा माझी. सोमवारच्या त्या फेऱ्यांतच मी हा माणूस खरा पाहिला.

अमरावतीहून निघालं की कुरुम मागं पडतं आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे सडक एका नाल्याकडे सरळ उतरत जाते. उतार असा की पायी चालणाऱ्याला कळायचा नाही, पण चाकांना कळतो. दोन्ही अंगांना कपाशीची वावरं. ना गाव, ना चहाचं दुकान. तिथं आलं की भाऊजी हात वर करून म्हणायचे, "चुप व्हा आता. बांगड्या धरा." मग इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून द्यायचे. बायका मनगटावर मनगट ठेवून बांगड्या आवळून धरायच्या. एखाद्या लेकराच्या पायातले वाळे त्याची आई मुठीत घ्यायची, डब्याची झाकणं मांडीत दाबली जायची. इंजिनाच्या गोंगाटात चाकाचं दुखणं लपतं, असं त्यांचं म्हणणं. इंजिन गप्प झालं की टायरांची नुसती सरसर ऐकू यायची. आणि एखाद्या चाकातलं बेरिंग झिजलेलं असलं तर त्या सरसरीच्या खालून एक घूं घूं निघायची, दूरच्या घरात कोणी जात्यावर दळत असावं तशी. गाडीनं वेग घेतला की ती चढायची, वेग कमी झाला की उतरायची. उतार संपून नाला आला की भाऊजी इंजिन पुन्हा चालू करायचे आणि निकाल सांगायचे, "सारं बरोबर हाय. बोला आता." की लगेच गाडीत असा कलकलाट व्हायचा, जशी काही शाळाच सुटली!

एवढी खबरदारी कशाला, असं मी एकदा विचारलं. बेरिंग फुटलं की चाक जाम होतं, नाहीतर निखळून वावरात जातं, एवढंच बोलले. मग बोरगाव आल्यावर म्हणाले, लढाईत असा एक ट्रक उलटलेला पाह्यला होता ... आत माणसं होती. त्याच्यापुढं काही सांगितलं नाही, आणि मीही कधी नव्हे ते पुढं विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या चुप्पीचं मोल कळणार नाही. त्या काळात भाऊजींच्या गाडीत मांडीला मांडी लावून बसणारे कित्येक जण असे होते की वाटेत पाणी प्यायला थांबलं की भाऊजींच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. गाडीत विटाळ नाही, पेल्यात विटाळ! छपन्न साली आमच्या घरानं दीक्षा घेतली आणि भाऊजींनी ओंजळ धरणं बंद केलं. स्वतःची सुरई आणि पेला गाडीत ठेवू लागले. भांडले नाहीत, भाषण केलं नाही. पण त्या उतारावर त्यांनी ‘चुप व्हा’ म्हटलं की पाटील असो, वकील असो, कापसाच्या जिनिंगचा शेठ असो, सगळे चुप. त्या एवढ्या सडकेपुरती त्या माणसाची सत्ता होती. आणि ती त्यांना आवडायची, हे मी त्यांच्या मानेच्या ताठपणावरून सांगू शकत होते. का आवडू नये?

मी नोकरीला नुकती लागले होते तेव्हाचा एक सोमवार आठवतो. गाडीत नवरदेव, त्याची आई आणि मामा, मांडीवर बाशिंगाची पेटी. उतारावर ‘चुप व्हा’ झालं तशी नवरदेवाची आई फणकारली, "अवं माय! शुभकामाले निंगालो आन मुक्यावानी बसाचं?" मामानं तिला दटावलं. इंजिन बंद झालं आणि सरसरीखालून ती घूं घूं आली. भाऊजींनी सडक मोकळी पाहिली आणि गाडी हलकेच उजवीकडे झुलवली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. आता मात्र त्या बाईचा धीर सुटला. "पेऊन बसला वाटते हा! उतरवा मले! माह्या पोराचं लगन हाय!" भाऊजींना तिचं काही ऐकूच गेलं नसावं, त्यांचे कान चाकांत होते. नाल्याशी गाडी थांबवून ते म्हणाले, "मोरचं डावं चाक."

मी लगेच तोंड घातलं. "काही नाही, भाऊजी. मला तर पुढच्या उजव्या चाकातून आवाज आला."

"तुह्या कानाले काय इचारतं? गाडीले इचार. गाडी उजवीकडे वळली की तिचा सारा बोजा डाव्या चाकावर येते. तवा घूं घूं वाढली. डावीकडे वळवली त कमी झाली. मंग कोन रडून राह्यलं? डावंच ना?"

गाडी जॅकवर चढली. चाक हातानं फिरवलं तर आत खडे भरल्यासारखं खरखरलं. नवरदेवानं नवा कोट काढून आईच्या हातात दिला आणि तो स्वतः पाने-हातोडी पुढं करू लागला. बेरिंग निघालं तेव्हा त्यातले छर्रे खरवडलेले होते. नवरदेवाच्या आईनं ते बोटांनी चाचपून पाहिले, आणि मग नवं बेरिंग ग्रीस लावून बसेपर्यंत ती ग्रीसच्या डब्यावर माशी बसू देईना. अकोल्याला उतरताना तिनं भाऊजींना लग्नाचं आवतन दिलं आणि मलाही दिलं. आम्ही गेलो नाही, पण भाऊजी ही गोष्ट कित्येक दिवस हसून सांगायचे.

तेव्हापासून उतार संपला की निकाल सांगण्याआधी ते माझ्याकडे बघायचे. "काय म्हनते मास्तरीन?" मी अंदाज ठोकून द्यायची. पुष्कळदा चुकायचा. टायर झिजल्याचा आवाज मी बेरिंगचा समजायची. मग ते सांगायचे की डांबरावरून मुरमावर गाडी गेली आणि आवाज बदलला, तर टायर. नाही बदलला, तर बेरिंग. "आन तू पोट्ट्यायले शिकवतं! त्यायचं काय होत असन, कोन जाने," असं म्हणत मान हलवायचे. पण शिकवायचं सोडलं नाही. हळूहळू माझा कान बसला. चार-पाच वर्षांनी एकदा मी बरोबर चाक सांगितलं तेव्हा त्याच संध्याकाळी त्यांनी राजापेठेतल्या आमच्या गल्लीत शिरताच ताईला ओरडून सांगितलं, "आज हिनं सांगतलं! मागचं उजवं!" शनिवारी ताईनं हे सांगितलं तेव्हा मला मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता तेवढा आनंद झाला.

साठ साल मागं पडलं आणि काहीतरी बदललं. आधी मला वाटलं की भाऊजींचा तोराच वाढलाय. पूर्वी उतारापुरती चुप्पी असायची, ती आता कुरुमपासूनच सुरू झाली. मग बडनेरा सोडलं की लगेच. लोक कुरकुरायचे, पण ऐकायचे. मी तर धुमसतच असायची. इतका वेळ तोंड मिटून बसणं म्हणजे मला जन्मठेपच! दुसरा बदल मात्र मला आवडला. मी बोलायला लागले की भाऊजी माझ्याकडे, अगदी माझ्या तोंडाकडे बघून ऐकू लागले. एका रविवारी मी ताईला फुशारकीनं सांगितलं, "ताई, तुझा नवरा सुधारला हो. आताशा माझं बोलणं कसं लक्ष देऊन ऐकतात."

ताई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. भाऊजी पलीकडच्या खोलीत आमच्याकडे पाठ करून बाजेवर बसले होते. ताई मला म्हणाली, "हाक मार त्यायले." मी मारली. पुन्हा मारली, चांगली खड्या आवाजात. ते ढिम्म. मग ताईनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि जमिनीवर आपटलं. भाऊजी तत्काळ वळले. "काय वं?" ताईनं काही नाही म्हणून हात हलवला आणि परत भाकरीशी बसली. खाली बघूनच ती बोलली, "जमीन हालली की कळते त्यायले. डावा कान पुरा गेला. उजवा जाऊन राह्यला."

"आणि तू गप्प? ताई, माणसं बसतात त्या गाडीत! लेकरं बसतात!"

"ते मले सांगत नाहीत, त मी त्यायले कशी सांगू? गाडी गेली की त्यायच्यापाशी काय राह्यते, तूच सांग." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तू त मोरंच बसतं. तू ऐकत जाय."

"मी फक्त शनिवारी-सोमवारी बसते. बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिस मी दारात बसतो," ताई म्हणाली.

गेल्या दोन वर्षांत मी येईन तेव्हा ती दारात का दिसायची, ते मला त्या वेळी कळलं. माझा ताईवर संताप झाला, भाऊजींवरही झाला. त्याच दिवशी भाऊजींशी बोलायचं असं मी ठरवलं. संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसलेसुद्धा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हसून विचारलं, "काय म्हनते मास्तरीन?" आणि माझी जीभ रेटेना. बेरिंग न झिजणारी ही जीभ! मी म्हटलं, काही नाही, उद्या लवकर निघू.

दुसऱ्या दिवशी थंडी होती. काचा वर होत्या. गाडीत कुरुमचे एक म्हातारे पाटील, कापसाचा एक दलाल, आणि लेकरू घेऊन माहेरी निघालेली एक बाई तिच्या भावासोबत. बडनेऱ्यापासूनच चुप्पी होती. उतारावर भाऊजींनी हात वर केला, "बांगड्या धरा," आणि इंजिन बंद केलं. आणि जो आवाज आला, तो ऐकायला कान शिकलेला असायची काही गरज नव्हती. घूं घूं नव्हे, घरघर. मधूनच कर्र कर्र. त्या बाईचं लेकरूसुद्धा मान वर करून बघायला लागलं. मी भाऊजींकडे पाहिलं. नेहमीसारखी मान किंचित कलती करून ते ऐकत होते. आता झुलवतील, आता गाडी उजवीकडे घेतील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी गाडी झुलवली नाही. नाला आला, इंजिन सुरू झालं, आणि ते म्हणाले, "सारं बरोबर हाय. बोला आता."

कोणी बोललं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी बोललं नाही. मी वळून मागं पाहिलं. दलालानं तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारे पाटील शेजारच्याला हळूच म्हणाले, "आवाज त येऊन राह्यला बापा ... पन उस्ताद म्हनते बरोबर हाय, त असन बरोबर. दुसरंच काही वाजत असन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पटलं त्यांना! तो माणूस कधी चुकला नव्हता, म्हणून स्वतःच्या कानांना खोटं ठरवून सगळे निवांत बसले. भाऊजींनी वेग घेतला. पुढं सडक उजवीकडे वळली आणि घरघर वाढली. डावं चाक, पुढचं. माझ्या पायाखालचंच. समोरून मूर्तिजापूरच्या बाजाराच्या बैलगाड्या येत होत्या.

सगळ्यांदेखत सांगावं, तर या माणसाची एवढीशी सत्ता माझ्या हातानं जाणार. न सांगावं, तर चाक जाणार. मी तोंडावर हात धरला आणि मळमळतं म्हणून खुणा केल्या. भाऊजींनी एका निंबाखाली गाडी उभी केली. मी उतरून ओकायच्या निमित्तानं वाकले आणि चाकाच्या मधल्या टोपीजवळ हात नेला. तव्यासारखी धग येत होती. भाऊजी माझ्या मागं पाण्याचा पेला घेऊन आले होते. मी पेला बाजूला ठेवला, त्यांचा हात धरला आणि त्या टोपीवर टेकवला.

त्यांनी हात झटकन मागं घेतला. मग चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे. मी काहीच बोलले नाही, तरी त्यांना सगळं कळलं. मी ओठ सावकाश हलवत म्हटलं, "भाऊजी, मी लोकांना सांगते, माझी तब्येत बिघडली, गाडी पुढं जात नाही. मागून तुमचा रशीद दुसरी गाडी घेऊन येतोच आहे. कोणाला काही कळायचं नाही." त्यांनी ते ओठांवरून वाचलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा मी पहिल्यांदा बोचकं घेऊन आले तेव्हा ठेवला होता. आणि मग गाडीकडे जाऊन त्यांनी मागचं दार उघडलं.

"उतरा सारे. मोरचं डावं चाक गेलं. तुमाले ऐकू आलं असन. मले नाही आलं." त्यांनी कानाकडे बोट केलं. "मले आता ऐकू येत नाही. मी कोनाले सांगतलं नाही, माह्यं चुकलं. पन तुमाले त येत होतं! कोनी काहून नाही बोललं?"

पाटील चाचरत म्हणाले, "तुमी म्हनलं ना उस्ताद, बरोबर हाय म्हनून ..."

"मी म्हनलं म्हनून?"

ते मैलाच्या दगडावर जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भाऊजींना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीतली माणसं सडकेवर उभी होती, कोणाला काय करावं कळत नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्या पाटलांनी निंबाखाली ठेवलेला तो पेला उचलला, भाऊजींच्या हातात दिला. त्यांचं पिऊन झाल्यावर तोच पेला सुरईतून पुन्हा भरला आणि स्वतः प्यायले. मग म्हणाले, "इतके साल सुखरूप नेलं आमाले. आता उठा."

रशीद मागून आला, आपली गाडी त्यानं सोबतच्या ड्रायव्हरकडे सोपवली आणि बेरिंग बदललं. भाऊजींनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ते मागच्या सीटवर त्या लेकराच्या आईशेजारी बसले. अकोला येईपर्यंत ते लेकरू त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. त्यानंतर माणसं बसवून भाऊजींनी कधी गाडी चालवली नाही.

पुढची वर्षं ते राजापेठेच्या कोपऱ्यावर बसायचे. ओळखीचे ड्रायव्हर गाड्या घेऊन यायचे. भाऊजी चपला काढून, गाडीच्या पत्र्यावर तळपाय टेकवून एक फेरी मारून यायचे आणि कोणतं चाक ते सांगायचे. बहुधा बरोबर निघायचं. एकदा मी म्हटलं, मग चालवायला काय हरकत आहे? त्यांनी मान हलवली. "पाय खोटं बोलत नाही वं, पन उशिरा बोलते." रशीदला मात्र त्यांनी बजावून ठेवलं होतं की उतारावरची चुप्पी मोडायची नाही, आणि एक नवी गोष्टही सांगायला लावली होती, की आवाज आला तर ज्याला आला त्यानं लगेच ओरडायचं, ड्रायव्हर काही म्हणो. घरात ताई पाय आपटून त्यांना हाक मारायची. मी शनिवारी आले की ते मला उजेडाकडे तोंड करून बसवायचे आणि म्हणायचे, "हं, चालू कर तुई मशीन." मी हातवारे करत आठवड्याचं सगळं सांगायची. एका दुपारी मी खुणेनंच विचारलं, चुप्पीच्या उताराची आठवण येते का? त्यांनी गल्लीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुप्पीचं काय वं ... चुप्पी त आता बम हाय माह्यापाशी. पन ते ‘बोला आता’ म्हनलं की सारे एकदम बोलाचे ना, ते लय गोड लागे. त्याच्यासाठीच चुप करत होतो का काय, कोन जाने."

ते गेले त्या दिवशी मी पोचले तेव्हा घर भरलेलं होतं. मेणबत्त्या लावल्या होत्या, वंदना सुरू होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. वंदना संपल्यावर नात्यातली एक म्हातारी जुन्या सवयीनं पुढं झाली आणि तिनं बांगड्या फोडायला ताईचे हात ओढले. ताईनं ते मागं घेतले, मनगटावर मनगट ठेवून छातीशी आवळून धरले. "त्यायनं सांगून ठेवलं हाय," ती म्हणाली. "बांगड्या धराच्या असतात, फोडाच्या नाही." म्हातारी पुटपुटत बाजूला झाली. आणि तेव्हा ताई जी रडायला लागली, ती आम्हाला दोघी-तिघींना आवरेना.

गेल्या सोमवारी मी तिला चार दिवस माझ्याकडे अकोल्याला घेऊन आले. गाडी भाऊजींचीच, चालवायला रशीद. पुढच्या सीटवर ताईला मध्ये घेतलं, मी दाराशी. जन्मभर ती बिचारी दारात बसून या गाडीची वाट बघत आली. गाडीतून ती या वाटेनं फार थोड्या वेळा गेली असेल. मागं सगळी नवी माणसं होती, एकाजवळ ट्रान्झिस्टर. उतार आला. रशीदनं हात वर केला, "चुप व्हा आता. बांगड्या धरा." ट्रान्झिस्टर बंद झाला. इंजिन बंद झालं. माझ्या शेजारी ताईनं मनगटावर मनगट ठेवलं आणि बांगड्या घट्ट धरल्या. मी कान देऊन ऐकलं. चारही चाकं चांगली होती, नुसती सरसर.

नाला आला. रशीदनं इंजिन चालू केलं, पण पुढचं त्याच्या तोंडून निघेना. रोज तोच म्हणतो; त्या दिवशी ताईच्या देखत त्याला म्हणवेना. मागच्या माणसांना काय झालंय ते माहीत नव्हतं, पण सांगितल्याशिवाय बोलायचं नाही एवढं या सडकेवर सगळ्यांना ठाऊक आहे. मूर्तिजापूरची घरं दिसायला लागली तरी गाडी गप्पच होती. मी भाऊजींसाठी आत आत रडत होते, मलाही शब्द फुटत नव्हता. ताईनं रशीदकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वळून मागच्या सगळ्यांकडे पाहिलं. तिनं मनगटं सोडली आणि बांगड्या वाजल्या.

"सारं बरोबर हाय," ती म्हणाली. "बोला आता."

मागच्या बाईनं मोठ्यानं सुस्कारा टाकला, कोणी बाजाराचं काढलं, कोणी कोणाला हसलं, ट्रान्झिस्टर लागला, आणि गाडीत एकदम कलकलाट झाला. रडू आवरेना म्हणून मीही बोलत सुटले, वाटेल ते. ताई डोळे मिटून बोरगाव येईपर्यंत ऐकत बसली होती.